उपकरण परके, खेळ आपला

व्हिडिओ गेम कंपनीच्या प्रमुखाची कारकीर्द तपासताना दोन प्रश्न नेहमी एकमेकांत गुंततात. त्याच्या हाताखाली खेळ किती चांगले निघाले, हा पहिला. आणि ते खेळ ज्या यंत्रावर चालायचे त्या यंत्राविषयीचे त्याचे निर्णय काळाच्या कसोटीला उतरले की नाही, हा दुसरा. या दुसऱ्या बाबीला व्यवसायाच्या परिभाषेत हार्डवेअर धोरण म्हणतात आणि वादाचा धुरळा बहुतेक वेळा तिच्यावरूनच उडतो, कारण कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून केवळ खेळण्यासाठी वापरायचा संगणक, सहसा जेमतेम नफ्यावर किंवा चक्क तोट्यात विकला जातो आणि ती तूट पुढे खेळांच्या विक्रीतून, इतर कंपन्यांच्या खेळांवर मिळणाऱ्या हिश्शातून आणि अलीकडे मासिक वर्गणीतून भरून काढली जाते. एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीवर कंपनीने आजवर कधीच नफा कमावलेला नाही, अशी साक्ष मायक्रोसॉफ्टच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मे २०२१ मध्ये अमेरिकी न्यायालयात दिली होती. अशा व्यवहारात यंत्राचा अंदाज चुकला की चांगले खेळही कंपनीला तारू शकत नाहीत. सेगा या जपानी कंपनीचा ड्रीमकास्ट हा कन्सोल जाणकारांनी वाखाणला असूनही २००१ मध्ये तिला त्याचे उत्पादन थांबवावे लागले आणि त्यानंतर ती कन्सोलच्या स्पर्धेत पुन्हा उतरली नाही.

मूल्यमापन कोणत्या वर्षी केले जाते, यावरही निकाल किती फिरतो हे निन्टेन्डोचे सातोरू इवाता यांच्या उदाहरणावरून दिसते. मूळचे प्रोग्रॅमर असलेले इवाता २००२ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात २००६ साली आलेला वी हा कन्सोल दहा कोटींहून अधिक विकला गेला, तर २०१२ साली आलेला त्याचा वारसदार वी यू दीड कोटींचा टप्पाही गाठू शकला नाही. मधल्या काळात, २०११ मध्ये, थ्रीडीएस या हातातल्या यंत्राची किंमत बाजारात आल्यावर काही महिन्यांतच २५,००० येनवरून १५,००० येनवर आणण्याची पाळी आली तेव्हा इवातांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. २०१४ मध्ये त्यांच्या कारकिर्दीवर निबंध लिहिणाऱ्याने त्यांना अपयशी ठरवले असते. परंतु ज्याची आखणी त्यांच्याच हयातीत सुरू झाली होती तो स्विच हा कन्सोल त्यांच्या निधनानंतर सुमारे पावणेदोन वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये आला आणि त्याची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली.

भारतातल्या कंपनीप्रमुखांना ही मोजपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही, कारण जागतिक बाजारात टिकेल असा कन्सोल भारतीय गेम कंपन्यांनी कधी बनवलाच नाही. त्यामुळे भारतात हार्डवेअर धोरणाचा अर्थ यंत्र घडवणे असा न राहता दुसऱ्याने घडवलेल्या कोणत्या यंत्रावर विसंबायचे, असा होतो. या निवडीचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे मुंबईचे विशाल गोंडल. १९९९ मध्ये त्यांनी इंडियागेम्स ही कंपनी स्थापन केली, ती पुढे डिस्नेच्या मालकीत गेली, २०१४ मध्ये त्यांनी गोकी या नावाने मनगटावर बांधायच्या आरोग्यपट्टीचा व्यवसाय सुरू केला आणि त्याच सुमारास थांबलेले गेमशी असलेले नाते एनकोर गेम्सचे सहसंस्थापक म्हणून पुन्हा जोडून २०२१ मध्ये फौ-जी हा बराच गाजावाजा झालेला खेळ बाजारात आणला. परक्या फोनवर भिस्त, मग स्वतःचे उपकरण, मग पुन्हा परका फोन, असा हा प्रवास आहे आणि त्याची पारख मुंबईच्या कचेऱ्यांतून करण्यापेक्षा जळगाव-धुळ्यातून करणे अधिक उपयोगाचे आहे. कारण धोरण महानगरात आखले जात असले तरी ग्राहकाच्या हातात प्रत्यक्षात कोणते यंत्र आहे, त्याला वीज किती तास मिळते आणि रिचार्जला तो किती रुपये मोडतो, या गोष्टी अशाच शहरांत उघड्या पडतात.

खानदेशात, म्हणजे याच जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात, कन्सोल रुजला नाही याचे पहिले कारण अर्थातच किंमत. सोनीचा प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तो ४९,९९० रुपयांना, आणि एकेका नव्या खेळाची किंमत हजारांत. नव्वदच्या दशकात अनेक घरांत जो ‘टीव्ही गेम’ होता तो निन्टेन्डोच्या ऐंशीच्या दशकातल्या यंत्राची स्वस्त नक्कल होती. तिच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे छापलेले असे आणि प्रत्यक्षात दहा-पंधरा खेळच नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. या नकलांतून मूळ कंपनीच्या हाती छदामही लागला नाही, पण टीव्हीवर खेळण्याची गोडी एका पिढीला लागली ती त्यांच्यामुळेच, आणि ‘यंत्र स्वस्त, खेळ फुकट’ ही अपेक्षाही तेव्हाच रुजली.

दुसरे कारण विजेचे. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन कडक होते आणि महावितरण वितरणातील गळती व वसुली पाहून वाहिन्यांचे गट पाडत असल्यामुळे कोणत्या भागाची वीज किती तास जाणार हे त्या गटावर ठरे. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र असलेल्या जळगाव जिल्ह्यातही शहरांत काही तास आणि खेड्यांत त्याहून कितीतरी अधिक वेळ अंधार असे. बॅटरीवर चालणारा फोन या काळात का जिंकला, याचे निम्मे उत्तर या वेळापत्रकात आहे.

तिसऱ्या कारणाचा उल्लेख फारसा कोणी करत नाही, तो म्हणजे उन्हाळा. सोनी आपल्या प्लेस्टेशनच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठी योग्य असे भोवतालचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असे नोंदवते. जळगावात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांच्या घरात असतो, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्रीही उकाडा हटत नाही आणि कूलरची दमट हवा विद्युत मंडलांना मानवत नाही. कन्सोलमधील मुख्य चिप्स चालताना स्वतःच तापतात आणि पंखा बाहेरची हवा आत ओढून त्यांना थंड करतो. ती हवाच तापलेली असेल तर पंखा कितीही जोरात फिरला तरी चिपचे तापमान एका मर्यादेखाली येत नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आणला त्याच काळात या यंत्राचा अतिउष्णतेशी निगडित दोष जगभर गाजत होता: यंत्र तापून आणि निवून आतले झाळकाम तडकत असे आणि समोरच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागून ते बंद पडे. जुलै २००७ मध्ये कंपनीने या दोषासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि दुरुस्तीखर्चापोटी १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. समशीतोष्ण देशांतही जे यंत्र टिकेना ते खानदेशच्या वैशाखात टिकेल, अशी अपेक्षा धरणे धाडसाचे होते.

या पार्श्वभूमीवर इंडियागेम्सने मोबाईल फोनवर बसवलेला नेम बरोबर होता, आणि तो लवकर धरला होता, याचे श्रेय गोंडल यांना द्यावेच लागेल. २००० नंतरच्या दशकात साध्या फोनवर खेळ चालायचे ते जावा या संगणकीय भाषेच्या मोबाईलसाठी आटोपशीर केलेल्या आवृत्तीवर. नोकियाच्या सिरीज ४० वर्गातील सुरुवातीच्या अनेक फोनवर खेळाची संपूर्ण फाईल ६४ किलोबाइटच्या आत बसवावी लागे, म्हणजे आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एखाद्या शुभेच्छाचित्राहूनही कमी जागेत चित्रे, आवाज, नियम आणि सगळे टप्पे कोंबावे लागत. अडचण एवढ्यावर संपत नसे. एका फोनचा पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, तर दुसऱ्याचा उभट, एकाचे मधले बटण ‘पाच’च्या आकड्यावर, तर दुसऱ्याचे वेगळे, एकावर आवाज चाले, तर दुसऱ्यावर तोच आवाज लावला की खेळ अडकून बसे. त्यामुळे एकच खेळ शेकडो फोनसाठी वेगवेगळा बेतून द्यावा लागे. या कामाला पोर्टिंग म्हणतात. खेळ रचण्याचे कौतुक सगळीकडे होते. पोर्टिंगच्या कंटाळवाण्या, चिवट कामाचे कधीच होत नाही, पण त्या दशकातल्या मोबाईल गेम कंपन्यांचे अर्थकारण उभे होते ते याच कामावर, आणि असे काम स्वस्तात व शिस्तीत करून देणारे मनुष्यबळ भारतात मिळत होते.

मात्र फोन ओळखणे आणि फोनपर्यंत पोचणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. खेळ विकला जाई मोबाईल सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे ऑपरेटरच्या, दारातून: ग्राहकाने ठरावीक क्रमांकावर एसएमएस पाठवायचा, खेळाचा दुवा मिळवायचा आणि संथ जीपीआरएसवरून तो उतरवून घ्यायचा, पैसे त्याच्या शिलकीतून कापले जात. एका खेळाला साधारण ५० ते १०० रुपये पडत आणि रुपयातले साठ-सत्तर पैसे ऑपरेटरकडे राहत. उरलेल्यात मध्यस्थ, चित्रपटाच्या किंवा क्रिकेटच्या नावाचा परवाना देणारे आणि खेळ बनवणारे असे सगळे वाटेकरी. दहा रुपयांच्या छोट्या रिचार्जवर फोन चालू ठेवणाऱ्या ग्राहकाला हा दर मुळातच झेपणारा नव्हता, त्यामुळे त्याने स्वतःची वाट काढली. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या संकुलांतून किंवा धुळ्याच्या आग्रा रोडसारख्या बाजारपेठांतून मेमरी कार्ड भरून देण्याचा धंदा त्या काळी सगळ्याच शहरांप्रमाणे जोरात होता. दुकानदाराच्या संगणकावर गाणी, चित्रफिती आणि जावाचे खेळ फोल्डर करून मांडलेले असत, ग्राहक फोनचे मॉडेल सांगे, आणि दहा-वीस रुपयांत कार्ड काठोकाठ भरून मिळे. पोर्टिंगची सगळी मेहनत करून मुंबईत तयार झालेली फाईल इथे ऑपरेटरला आणि निर्मात्याला, दोघांनाही वळसा घालून ब्लूटूथवरून मित्रामित्रांत फिरत राही.

यावरून गोंडल यांच्यावर ठेवता येणारा पहिला आक्षेप असा की त्यांनी यंत्र हेरले पण त्या यंत्राचे दार कोणाच्या हातात आहे याचा तोडगा त्यांना सापडला नाही. हा आक्षेप खरा असला तरी अर्धाच न्याय्य आहे. त्या काळी तो तोडगा भारतात कोणालाच सापडला नव्हता. तो काढला अ‍ॅपलने २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडून, आणि तोही फोन स्वतःचा असल्यामुळे. परक्या यंत्रावर व्यवसाय करणाऱ्याची मर्यादा इथे नेमकी दिसते: त्याच्या कर्तबगारीने खेळ सुधारतो, पण भाव ठरवण्याची ताकद त्याच्याकडे येत नाही.

ऑपरेटरला वळसा घालण्याचा एक प्रयत्न इंडियागेम्सने केला होता, तो म्हणजे गेम्स ऑन डिमांड ही सेवा. यात संगणकावरचे अनेक खेळ एकेक विकत घेण्याऐवजी ब्रॉडबँड ग्राहकाला मासिक वर्गणीवर खेळायला मिळत. मायक्रोसॉफ्टने हीच कल्पना गेम पास या नावाने २०१७ मध्ये आणली आणि एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांच्या बऱ्या-वाईट लौकिकाचा ती केंद्रबिंदू ठरली. भारतात ती वेळेआधी आली. घरोघरी संगणक नव्हते आणि होते तिथे ब्रॉडबँडला मासिक डेटामर्यादा होती. तिची आजची पुढची पायरी म्हणजे क्लाउड गेमिंग, ज्यात खेळ दूरच्या माहिती केंद्रातील संगणकावर चालतो आणि ग्राहकाच्या पडद्यावर केवळ त्याची चित्रफीत येते; रिलायन्स जिओने २०२२ च्या अखेरीस अशा सेवेची चाचणी आवृत्ती आणली. माहिती केंद्र दूर असल्याने खेळ उशिरा प्रतिसाद देईल, ही भीती इथे अनाठायी आहे. प्रकाशतंतूतून संकेत सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मुंबई ते जळगाव हे सुमारे चारशे किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन त्याला ४ मिलिसेकंद पुरतात. खरा उशीर होतो तो शेवटच्या टप्प्यात, मोबाईल मनोऱ्यावरच्या गर्दीत आणि घरातल्या वायफायमध्ये, आणि तो सुधारणे पुन्हा दूरसंचार कंपनीच्याच हातात असते.

कारकिर्दीच्या मोजमापातला सर्वांत अवघड भाग मालकीचा. इंडियागेम्समध्ये २००५ मध्ये टॉम ऑनलाइन या चिनी कंपनीने बहुसंख्य हिस्सा घेतला, २००७ मध्ये यूटीव्ही ही माध्यम कंपनी गुंतवणूकदार म्हणून आली, आणि यूटीव्ही डिस्नेने घेतल्यावर २०११-१२ च्या सुमारास कंपनी डिस्नेच्या छत्राखाली गेली. गोंडल तिथल्या डिजिटल विभागाचे प्रमुख राहिले आणि नंतर बाहेर पडले. गुंतवणूकदाराच्या नजरेने ही यशोगाथा आहे. भारतीय गेम कंपनीला जागतिक खरेदीदार मिळू शकतो हे तिने दाखवून दिले आणि त्या काळी ते कोणाला पटतही नव्हते. खेळाडूच्या नजरेने पाहिले तर हिशेब वेगळा लागतो, कारण एवढ्या वर्षांत पिढ्यान् पिढ्या नाव निघेल, ज्याची पुढची आवृत्ती लोक वाट पाहून घेतील, असा स्वतःच्या कल्पनेतला एकही खेळ मागे राहिला नाही. परवान्यावर बेतलेले खेळ परवान्याबरोबर संपतात. मुंबईतच, त्याच काळात सुरू झालेल्या नझारा टेक्नॉलॉजीजचे नितीश मित्तरसेन यांनी उलट वाट धरली. ऑपरेटरच्या त्याच दारातून व्यवसाय उभारून त्यांनी कंपनी हातची जाऊ दिली नाही, इतर कंपन्या विकत घेत ती वाढवली आणि मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारात आणली. पण पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली तेव्हा नझाराने मोठी गुंतवणूक केलेल्या पोकरबाजीच्या व्यवसायावर गदा आली. विकणारा सुटतो आणि राखणारा अडकतो, असे या दोघांकडे पाहून वाटू शकेल. तसा निष्कर्ष काढण्याइतका काळ मात्र अजून गेलेला नाही.

गोकी हा गोंडल यांच्या कारकिर्दीतला एकमेव टप्पा असा, की जिथे उपकरण स्वतःचे होते. पावले, झोप आणि पुढे हृदयाचे ठोके मोजणारी पट्टी मनगटावर बांधायची. ती मोजमापे फोनवर जायची. आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेला एक प्रशिक्षक ती पाहून आहार-व्यायामाचा सल्ला द्यायचा. ग्राहक पैसे मोजायचा ते या सल्ल्याच्या वर्गणीचे, पट्टी तिच्यासोबत येई. कन्सोलच्या व्यवसायाचे सूत्र इथे आरोग्याच्या क्षेत्रात आणलेले दिसते: यंत्रावर कमावायचे नाही, यंत्रामुळे जुळणाऱ्या नात्यावर कमावायचे. २०१६ मध्ये भारतातील अशा उपकरणांच्या बाजारात गोकी आघाडीवर होती, हे लक्षात घेता ही कल्पना कागदावरची नव्हती.

तरी तिच्यातला धोका जळगावकरांना समजावून सांगावा लागू नये. भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ठिबक सिंचनाचा पसारा वाढवला तो नळ्या आणि तोट्या विकून नव्हे, तर त्यांच्यासोबत कृषितज्ज्ञाचा सल्ला, ऊतिसंवर्धित केळीची रोपे आणि काही पिकांसाठी खरेदीचा करार देऊन. उपकरण आणि सल्ला यांची सांगड टिकली, कारण केळीच्या घडाचे वजन हा सल्ल्याचा पुरावा शेतकऱ्याला तराजूवर दिसत होता, आणि उपकरणाच्या किमतीचा मोठा वाटा सरकारी अनुदान उचलत होते. मनगटावरच्या पट्टीला यांतले काहीच नव्हते. वजन दोन किलोंनी उतरले तर श्रेय पट्टीचे, प्रशिक्षकाचे की सकाळी मेहरूण तलावाला मारलेल्या फेऱ्यांचे, हे कोणी सिद्ध करू शकत नव्हते. त्यातच शाओमीने एप्रिल २०१५ मध्ये आपली मी बँड ही पट्टी भारतात ९९९ रुपयांना आणली आणि पावले मोजणे ही गोष्ट इतकी स्वस्त झाली की वर्गणी कशासाठी भरायची, हा प्रश्न ग्राहक उघडपणे विचारू लागला. शाओमी ही मुळात फोन बनवणारी कंपनी. पट्टीसाठी लागणारे सुटे भाग, कारखाने आणि वितरण तिच्याकडे आधीपासून होते. उपकरणाच्या लढाईत प्रमाण जिंकते, म्हणजे जो कोटींच्या संख्येने माल बनवतो त्याला तोच सुटा भाग स्वस्त पडतो, हे तत्त्व सेगाला नडले होते, तसेच इथेही आडवे आले.

गोंडल यांचे समर्थक यावर म्हणू शकतात की गोकीने उपकरणाच्या किमतीत स्पर्धा करण्याचा हट्ट धरला नाही आणि सल्ला, विमा, आरोग्य तपासण्या अशा सेवांकडे मोर्चा वळवला, आणि यात शहाणपण होते. हे म्हणणे मान्य करावे लागेल. पण मग स्वतःचे उपकरण हवेच कशाला होते, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर या कारकिर्दीत सापडत नाही.

फौ-जीचे प्रकरण वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. गलवानमधील चीनसोबतच्या जून २०२० च्या संघर्षानंतर भारत सरकारने चिनी संबंध असलेल्या अ‍ॅपवर बंदी घालायला सुरुवात केली, २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईल हा लोकप्रिय खेळ बंद झाला आणि दोनच दिवसांनी अभिनेता अक्षय कुमारच्या साथीने फौ-जीची घोषणा झाली. उत्पन्नाचा २० टक्के वाटा शहीद जवानांच्या कुटुंबांसाठीच्या ‘भारत के वीर’ निधीला देण्याचे जाहीर झाले. नोंदणी करून वाट पाहणाऱ्यांची संख्या लाखांत गेली. २६ जानेवारी २०२१ रोजी खेळ आला तेव्हा मात्र त्यात पबजीसारखे शंभर खेळाडूंचे मैदान नव्हतेच. गलवानच्या पार्श्वभूमीवर एकट्याने हाणामारी करत पुढे जायचे एवढाच भाग होता, आणि संघासंघांतली लढत जूनमध्ये जोडली गेली. प्ले स्टोअरवरचे त्याचे गुणांकन काही दिवसांतच घसरून तीनच्या आसपास आले. जुलै २०२१ मध्ये पबजीचे भारतीय रूप असलेला बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया बाजारात आला आणि मोकळे झालेले मैदान पुन्हा भरून गेले. मोबाईलचा सामूहिक खेळ म्हणजे सर्व्हर, जुळवाजुळव, फसवणूक रोखणे आणि आठवड्याला दुरुस्त्या असा अखंड कारभार असतो, आणि तो काही महिन्यांत उभा करणे कोणालाही कठीणच गेले असते. आक्षेप राहतो तो एवढाच की, अपेक्षा इतकी उंच चढवण्याआधी हे प्रमुखाच्या ध्यानात यायला हवे होते.

त्याच काळात खानदेशातल्या निमशहरांत आणि गावांत जो खेळ मुलांच्या हातात होता तो फ्री फायर. सिंगापूरच्या गरिना कंपनीने २०१७ मध्ये आणलेल्या या खेळात एका सामन्यात शंभराऐवजी पन्नास खेळाडू, मैदान लहान, सामना दहा-बारा मिनिटांत आटोपणारा आणि चित्रे मुद्दाम साधी ठेवलेली. त्यामुळे ज्या फोनवर पबजी धड सुरूही होत नसे, त्या कमी रॅमच्या फोनवर तो विनातक्रार चाले. रॅम म्हणजे फोनची चालू कामापुरती स्मरणशक्ती. ती अपुरी असली की खेळ अडखळतो किंवा मधेच बाहेर फेकला जातो. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला होता, पण फोन तेच पाच-सात हजारांचे, बहुधा वडिलांचे किंवा थोरल्या भावाचे वापरून झालेले होते. हार्डवेअर धोरण म्हणजे काय, याचा याहून चांगला धडा क्वचितच मिळेल: गरिनाने एकही यंत्र बनवले नाही, पण समोरच्याच्या हातातले यंत्र किती दुबळे आहे हे गृहीत धरून खेळाची प्रत्येक बाजू बेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यावरही बंदी आली, ती राजकीय कारणाने. ग्राहकाने त्याला नाकारले नव्हते.

इंडियागेम्सच्या काळात ६४ किलोबाइटच्या मर्यादेत काम करणाऱ्या कंपनीच्या संस्थापकाकडून नेमकी हीच दृष्टी फौ-जीत अपेक्षित होती. जी शिस्त तुटपुंज्या फोनने त्या काळी लादली होती ती साधने मुबलक झाल्यावर सैलावली, असा या कारकिर्दीवरचा सर्वांत गंभीर शेरा मारता येईल. त्याउलट श्रेयाच्या बाजूला एक गोष्ट ठळकपणे लिहावी लागते: गेम बनवणे हा भारतात पगारी, सन्मानाचा धंदा होऊ शकतो हे ज्या मोजक्या लोकांनी लवकर सिद्ध केले त्यांत गोंडल यांचे नाव वरचे आहे, आणि जळगाव, धुळे किंवा शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून पुण्यातल्या स्टुडिओत काम शोधणाऱ्या आजच्या तरुणाला घरच्यांची समजूत घालणे त्यामुळे थोडे सोपे झाले आहे.

पुण्यात पुढच्या पिढीच्या प्रमुखांनी दोन टोकांच्या निवडी केल्या. सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेला इंडस हा खेळ फोनसाठी, भारतीय ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून रचला. नॉडिंग हेड्स गेम्सने मात्र फोनचा नाद सोडून कन्सोल आणि संगणकासाठी ‘राजी’ हा प्राचीन भारताच्या पार्श्वभूमीवरचा खेळ केला. २०१७ मध्ये त्यासाठी लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा प्रयत्न फसूनही काम थांबले नाही, आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी तो जगापुढे आला तो सर्वप्रथम निन्टेन्डोच्या स्विचवर. स्विच भारतात अधिकृतपणे विकला जात नव्हता. पुण्यात घडलेला, दुर्गेचा वरदहस्त लाभलेल्या मुलीची गोष्ट सांगणारा हा खेळ रीतसर विकत घेऊन खेळायला धुळ्याच्या एखाद्या खेळाडूला ऑक्टोबरपर्यंत, तो संगणकावर येईपर्यंत, थांबावे लागले.